काकडीचा घोडा, वांग्याची गाय आणि श्रावस्ती

नववीत शाळा सोडून वर्ध्याहून लखनौला मामाकडे आलो. एका जागी बसवत नाही, म्हणून टॅक्सी चालवतो. ऑगस्टमध्ये श्रावस्तीची सवारी आली आणि मी लगेच हो म्हणालो. केइको माँजी, जपानहून एकट्याच. त्या मोबाइलमध्ये जपानी बोलायच्या, मोबाइल हिंदीत सांगायचा.

तुम्ही जाणार असाल तर आमच्यासारखं दुपारी नको, पहाटेच निघा, बाराबंकीची कोंडी चुकते. घाघरा नदीचा पूल ओलांडून चहा-समोसा घ्या. मी चार तासांत पोचवतो, अख्ख्या स्टँडवर कुणालाही विचारा.

वाटेत कळलं, माँजींची आई यंदा वारली. जपानमध्ये या दिवसांत मेलेली माणसं घरी येतात. त्यांनी लवकर यावं म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात. सावकाश परत जावं म्हणून वांग्याची गाय. चीनमध्येही याच सुमारास भुकेल्या भुतांसाठी बाहेर जेवण ठेवतात. आणि दोन्हीकडची गोष्ट सुरू होते आपल्या श्रावस्तीत, बुद्ध राहायचे त्या जेतवनात! एका भिक्खूला मेलेली आई उपाशी दिसली, त्याने बुद्धांना उपाय विचारला. ऐकून माझी छाती फुगली.

"आज संध्याकाळी घोडा नसेल, तर आई कशावर येणार?" मोबाइलने विचारलं.

आम्ही बौद्ध. घरात श्राद्ध नाही, भूतबीत तर नाहीच. तरी बहराइचला गाडी थांबवली.

"भैया, एक खीरा."

ठेलेवाल्याने काकडी झटकन सोलली, चार फाका केल्या, वर काळं मीठ.

"अरे यार, ये घोड़ा था!"

"हमारे यहाँ तो खीरा ही होता है," तो म्हणाला. "और ये आखिरी था."

श्रावस्तीत उतरल्यावर मी अख्खा बाजार पालथा घातला. अंधारायच्या आधी एक काकडी मिळाली, तीही वाकडी. माँजी खूश! वाकडी असली की घोड्याची मान वर राहते म्हणे. लॉजच्या खराट्याच्या काड्या लावल्या. कलंडायचा सारखा. एकेक पाय कापत बसलो, शेवटी उभा राहिला. दारात ठेवला, तोंड आत. माँजींनी हात जोडले. असा घोडा जपानमध्येही झाला नसेल, सांगून ठेवतो.

पुढचे दिवस जेतवनात गेले. तिकिटाला सुटे ठेवा, पाणी सोबत न्या.

परतताना वांग्याची गाय डॅशबोर्डवर होती. मोबाइल म्हणाला, "भैया, धीरे." बस गेली, ट्रक गेला, शेवटी ट्रॅक्टरसुद्धा पुढे गेला. मी हॉर्नही वाजवला नाही.

लखनौत तेलीबागला घरी पोचलो तर मामा दारातच. "काय बे पोट्ट्या, चार तासवाला! इतका उशीर?"

"गाडीत दोन म्हाताऱ्या होत्या, मामा."

"एकच होती ना?"

मी चपला काढल्या आणि जेवायला बसलो.