थांबा म्हणणारा प्रोग्रॅम

माझी बायको प्रोग्रॅम लिहायची आणि मी गाडी चालवायचो. हे दिल्लीत ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी उलटं ऐकलं. मग मी परत सांगायचो. मी सातवी नापास. ती बी.एस्सी., तीही लग्नानंतर झालेली. केंद्र सरकारच्या परीक्षेत पास झाली, दिल्लीची ऑर्डर आली, आणि मी तिच्या मागून आलो. नगरकडचे आमचे भाऊबंद म्हणाले, बायकोचा पदर धरून चालला. मी म्हणालो, हो, चाललो. धरायला पदर तरी आहे.

तिचं ऑफिस पाण्याचं. धरणातून एवढं पाणी सोडलं तर खालच्या गावांना ते कधी पोचेल आणि किती चढेल, याचा हिशोब तिथे व्हायचा. तो करणारा प्रोग्रॅम तिने लिहिला. एकटीने नाही, असं ती म्हणायची, पण बाकीचे बदलून गेले, रिटायर झाले, आणि प्रोग्रॅमची आई तीच राहिली. काळ्या स्क्रीनवर तो एकेक प्रश्न विचारायचा. कुठली नदी. किती दरवाजे उघडले. किती पाणी. सगळी उत्तरं मिळाली की गप्प होऊन हिशोबाला बसायचा. तो हिशोब म्हणजे दोन कप चहा आणि वर एक भांडण होईल एवढा लांब.

मी तेव्हा कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसवर ड्रायव्हर होतो. ड्रायव्हरचं निम्मं काम थांबण्याचं असतं, हे मागच्या सीटवर बसणाऱ्याला कळत नाही. साहेब आत, आपण बाहेर. संध्याकाळी ड्यूटी संपली की मी स्कूटर घेऊन तिच्या ऑफिसच्या गेटवर जायचो आणि तिथे आणखी थांबायचो. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडायची, तिचा हात बाहेर यायचा, पंजा दाखवायची आणि ओरडायची, "अहो, थांबा." म्हणजे प्रोग्रॅम चालू आहे, अर्ध्यात सोडता येत नाही. पुराच्या दिवसांत तर रोजच. पूर यायचा तिकडे लांब कुठे तरी, आणि इथे गेटवर भिजायचो मी.

ऑफिसातल्या सगळ्यांना तो शब्द पाठ झाला. मग तिने काय करावं, प्रोग्रॅम हिशोबाला बसला की स्क्रीनवर तोच शब्द यावा अशी सोय करून टाकली. इंग्रजी अक्षरांत, टी एच ए एम बी ए. तिचे साहेब पंजाबी. त्यांनी विचारलं, "मैडम, ये थांबा क्या है?"

"मेरे पति का नाम है, सर," ती म्हणाली.

गंमत केली तिने. पण दुसऱ्या दिवसापासून गेटवरचा गार्ड मला "आइए थांबा जी" म्हणायला लागला, तो नोकरी सोडून गेला तोपर्यंत. मी त्याला खरं नाव कधी सांगितलं नाही. बरं वाटायचं.

गेल्या थंडीत ती गेली. हॉस्पिटलच्या बाकावरही मी थांबलोच होतो. जन्मभराच्या थांबण्यातलं तेवढं एक फुकट गेलं. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. लोक येतात आणि सांगतात की हळूहळू दुःख कमी होतं. त्यांना चहा पाजावा आणि घालवावं.

आता दिल्लीतल्याच द्वारकेच्या या फ्लॅटात मी आणि मुलगी, दोघंच. ती नोएडाला एका कंपनीत सॉफ्टवेअर बनवते. अर्धा आठवडा मेट्रोने जाते, अर्धा आठवडा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसते, म्हणून आम्ही ताटं मांडीवर घेतो. उन्हाळ्यात एक दिवस घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

"बाबा, आईच्या ऑफिसचं काम आमच्या कंपनीला आलंय. मी मागून घेतलं."

"कसलं काम?"

"तिचा प्रोग्रॅम वेबवर आणायचाय. म्हणजे सगळ्या राज्यांतले इंजिनीअर आपापल्या जागेवरून त्याला विचारू शकतील."

"अजून चालतो तो?"

"चालतो म्हणजे? तोच चालतो. त्या ऑफिसात त्याच्याशिवाय पान हलत नाही, यार बाबा."

मला यार म्हणू नकोस, हे मी तिला लहानपणापासून सांगतो आहे. त्या दिवशी सांगितलं नाही.

तिच्या मॅनेजरचं म्हणणं होतं की एवढं जुनं कोड टाकून द्या आणि नवीन लिहा. ही त्याच्याशी भांडली. म्हणाली, हिशोब बरोबर येतो आहे, इतके पूर त्याने बघितलेत, त्याला हात लावायचा नाही. बाहेरून नवीन सर्व्हिस बांधायची, ती लोकांशी बोलेल, आणि आतमध्ये जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालेल. मी म्हटलं, इंजिन तेच, बॉडी नवी. गेस्ट हाऊसच्या जुन्या अँबॅसडरचं गाझियाबादच्या मिस्त्रीने असंच केलं होतं.

"बिल्कुल," मुलगी म्हणाली. "तुम्ही मॅनेजर व्हायला पाहिजे होतं."

मग ती रोज थोडं थोडं सांगायची. मी विचारायचो म्हणून नाही. आईला सांगायची सवय होती, आता ऐकायला मी उरलो. जुन्या प्रोग्रॅमला एका वेळी एकच माणूस चालायचा. तो अर्ध्यात उठला तर परत पहिल्या प्रश्नापासून. नव्या सर्व्हिसने प्रत्येकाचं ध्यानात ठेवायचं. आसामचा साहेब नदी सांगून जेवायला गेला, तर परत आल्यावर त्याला दरवाज्यांपासून पुढे विचारायचं. तोपर्यंत बिहारच्या साहेबाचं वेगळं चालू, आणि ह्याचं पाणी त्याच्या नदीत जाता कामा नये.

"गेस्ट हाऊसच्या काउंटरवरच्या माणसासारखं," मी म्हणालो. "सगळ्या खोल्यांच्या चाव्या आणि सगळ्यांच्या तक्रारी डोक्यात, पण एकाची दुसऱ्यात मिसळत नाही."

"हां, तसंच. त्याला स्टेटफुल म्हणतात."

"मग तुझी आई स्टेटफुल होती. सोमवारी भांडण जिथे सोडायची तिथूनच गुरुवारी सुरू करायची."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी या घरात कुणी तरी मोठ्याने हसलं.

"आणि दुसरं म्हणजे असिंक्रोनस," ती म्हणाली. "हिशोब सुरू झाला की माणसाला टोकन द्यायचं आणि मोकळं करायचं. झालं की त्याला मेसेज जाईल. कुणी बसून राहायचं नाही."

"सर्व्हिस सेंटरला गाडी टाकल्यासारखं."

"अगदी."

"मग थांबा?"

तिची बोटं चालूच होती. "थांबा कशाला आता? कुणी थांबणारच नाही ना. आईच्या कोडमधली तेवढी एक लाईन काढून टाकतेय. उगाच मध्ये येते."

मी पिशवी घेऊन भाजीला गेलो आणि रिकामी पिशवी घेऊन परत आलो.

बायकोच्या ऑफिसात तिचं आता काही नाही. टेबल गेलं, खुर्ची गेली. पेन्शनच्या कामाला गेलो होतो तेव्हा गेटवरून वर बघितलं, तर ती खिडकीसुद्धा एसीसाठी पत्रा ठोकून बंद केलेली. तो एक शब्द तेवढा आत राहिला होता. आणि आता तो काढायला निघाली होती माझीच मुलगी, रागाने नाही, लोभाने नाही, नीट काम करता करता.

दोन दिवस मी गप्प राहिलो. मला गप्प राहणं जमत नाही, त्यामुळे जेवताना निघालंच.

"तो शब्द काढू नकोस."

तिला लगेच कळलं कुठला. "बाबा, तो कुणाला दिसणारच नाहीये."

"नको दिसू दे. असू दे."

"अहो, कोड असं भावनेवर नाही ठेवत."

"मग कशावर ठेवतात?"

"कामावर. जे काम करतं ते ठेवायचं, नाही करत ते काढायचं."

"बरं आहे. मग मलाही काढ. मीपण काही काम करत नाही."

तिने ताट खाली ठेवलं. "आई माझी पण होती, बाबा."

मी लोणच्याची बरणी तिच्याकडे सरकवली. तिने घेतलं नाही.

त्यानंतर एका दुपारी मी बाल्कनीत कपडे काढत होतो, तेव्हा तिने टेबलावरून हाक मारली. "बाबा, इकडे या. ती लाईन काढली आणि सगळं अडकलं."

मी कपड्यांचा गठ्ठा घेऊनच उभा राहिलो. ती सांगायला लागली. जुना प्रोग्रॅम प्रश्न विचारताना बोलतो, आणि मग गप्प होतो. बाहेरच्या सर्व्हिसला कळणार कसं, की हा आता पुढचा प्रश्न विचारणार आहे, की प्रश्न संपून हिशोबाला बसलाय? दोन्ही वेळेला तो गप्पच असतो. थांबा आलं की समजायचं, प्रश्न संपले, माणसाला टोकन द्या आणि सोडा. आईने दुसरी खूण ठेवलेलीच नाही.

मला संशय आला. "माझं मन राखायला सांगतेस तू."

"तुमचं मन राखायला मला वेळ नाहीये. शुक्रवारी ऑफिसवाल्यांना दाखवायचंय."

"मग मला दाखव."

तिने खुर्ची दिली. लाईन काढलेला प्रोग्रॅम चालू केला. नदी विचारली, मी प्रवरा सांगितली, आमच्याकडची. दरवाजे विचारले, पाणी विचारलं, मी मनाला येईल ते सांगितलं. शेवटचं उत्तर गेलं आणि स्क्रीनवर ते गोल चाक फिरायला लागलं. फिरतंच राहिलं. टोकन नाही, काही नाही. गाडी गिअरमध्ये न पडता नुसती घरघरावी तसं.

"बघा," ती म्हणाली.

"दुसरी खूण तू घालू शकतेस की." मला खरं काय ते पाहिजे होतं, म्हणून विचारलं.

"घालू शकते. पण आहे ती चालतेय, तर नवीन कशाला घालायची? मॅनेजरशी मी ह्यावरच तर भांडले होते." मग स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "आणि दुसऱ्यांना सांगत होते, स्वतः मात्र काढायला निघाले."

तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. एका ओळीत रिकामी जागा होती. "तुम्ही टाका."

इंग्रजी मला नंबरप्लेटपुरतं येतं. सुटी अक्षरं ओळखतो, शब्द झाला की हरतो. पण हा शब्द माझा होता. एका बोटाने टाकला. एच सापडायला वेळ लागला. मुलीने मदत केली नाही, नुसतं डोळ्यानेसुद्धा दाखवलं नाही. आईवर गेली आहे.

मग तिने ते परत जुळवलं आणि चालू केलं. पुन्हा प्रवरा, पुन्हा दरवाजे, पुन्हा पाणी. कामासाठी म्हणून तिने स्क्रीनच्या एका कोपऱ्यात जुन्या प्रोग्रॅमची काळी चौकट उघडी ठेवली होती. शेवटचं उत्तर गेलं आणि तिथे तो शब्द आला, टी एच ए एम बी ए. त्याबरोबर मोठ्या पांढऱ्या पानावर टोकन आलं आणि खाली हिंदीत ओळ आली, की आपला प्रश्न मिळाला, आता आपण जाऊ शकता.

"झालं," मुलगी म्हणाली. "उत्तर तयार झालं की तुमच्या फोनवर येईल. उठा आता."

"तू ऊठ. चहा ठेव."

ती स्वयंपाकघरात गेली. मी कपडे मांडीवर घेऊन घड्या घालायला लागलो. काळ्या चौकटीत तो शब्द तसाच उभा होता, आणि आत हिशोब चालू होता.

"बाबा, आलं घालू?"

"घाल."

"आणि मेसेज येईल म्हटलं ना मी? तिथे का बसलाय अजून?"

"मला थांबायला सांगितलंय," मी म्हणालो.

ती थोड्या वेळाने दोन कप घेऊन आली, आणि दुसरी खुर्ची ओढून बसली.