करार उलटून वाचायला लावणाऱ्या इंदूताई

‘पहिलं वर्ष सेवा मोफत’ या चार शब्दांचा वनमालाबाईंना पडलेला खरा खर्च असा: दुसऱ्या वर्षी सात महिने खात्यातून परस्पर कापलेले नऊशे-नऊशे, म्हणजे सहा हजार तीनशे रुपये, हेल्पलाइनवर बासरी ऐकण्यात गेलेल्या तीन दुपारी, आणि ऐन लग्नसराईत नऊ दिवस बंद पडलेली भरतकामाची कॉम्प्युटर मशीन. वनमालाबाई गांधीबागेतल्या माझ्या कापडदुकानासाठी घरी ब्लाउज भरतात. त्यांचं घर या मशीनवर चालतं. आदरणीय इंदूताई नंदनवार यांची आणि माझी ओळख झाली, ती या खर्चापायी.

वनमालाबाईंनी बँकेला कपात थांबवायला सांगितलं, तर मशीन विकणाऱ्या कंपनीनं बसल्या जागेवरून, इंटरनेटवरूनच मशीनला कुलूप लावलं. चाळीस ब्लाउज अडकले. कोणीतरी म्हणालं, पोस्टाच्या खिडकीवरून निवृत्त झालेल्या एक बाई रविवारी आपल्या ओसरीवर असल्या भानगडी ऐकून घेतात. आम्ही दोघं करार घेऊन गेलो.

“साक्षीदाराची सही कोणाची?” ताईंनी विचारलं.

“माझी.” मशीन घ्या, हा आग्रहही माझाच होता.

“काहून गा, दुकानात थान आलं की तू पहिले उलटी बाजू पाहतं ना?”

“पाहतो.”

“मंग हा कागद काहून नाही उलटवला?”

ताई विणकराच्या घरातल्या. कापड मागून तपासण्याची सवय त्यांना बालपणापासून. मलाही होती, पण ती कापडापुरतीच. मागच्या पानावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होतं: महिनाभर आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू राहील, आणि पैसे थांबले तर मशीन बंद करता येईल. आठवण करून देण्याची जबाबदारी कंपनीची नाही. जाहिरात मात्र मराठीत, ठळक, हसऱ्या बाईच्या फोटोसकट! याला व्यापार म्हणत नाहीत. हमालीपासून सुरुवात करून मी तीस वर्षं कापड विकतो आहे. गिऱ्हाइकानं एकदा मीटरभर कापड नेलं, म्हणून दर महिन्याला मीटरभर फाडून त्याच्या घरी बिल पाठवायची माझी छाती झालेली नाही.

ताईंची एक पद्धत सर्वांना ठाऊक असावी. त्या कोणाची तक्रार स्वतः लिहीत नाहीत. एकेक कलम साध्या मराठीत समजावतात आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याच हातून अर्ज लिहवून घेतात.

“ताई, माझं अक्षर कसं आहे, पाहता ना?” वनमालाबाई कळवळल्या.

“सुंदर अक्षराले पैसे वापस भेटतात काय वं? लिही. मी लिहिलं तर भांडण माझं होते.”

दोन तासांत अर्ज झाला. एक प्रत कंपनीला, एक ग्राहक आयोगाला, दोन्ही पोचपावतीसह. त्यानंतरचा आठवडा ताई रोज दुपारी वनमालाबाईंकडे जात होत्या. जेवढं भरतकाम हातानं होईल तेवढं वनमालाबाई करायच्या आणि सत्तरी ओलांडलेल्या ताई शेजारी बसून हुक लावायच्या. एकाही गिऱ्हाइकाचं काम परत गेलं नाही. पुढे वनमालाबाई साडी घेऊन गेल्या, तेव्हा ताईंनी तिची उलटी बाजू पाहिली, “चांगली आहे, तूच नेस,” म्हणाल्या आणि परत केली.

मशीन बंद पडल्याच्या नवव्या दिवशी कंपनीचे एरिया मॅनेजर ओसरीवर हजर झाले. चहा घेतला, आणि वर ऐट! “मॅडम, आमचा कस्टमर एकदा जुडला की सोडून नाही जात. आजवर एकही नाही गेला.”

“जेलातूनही कोणी सोडून नाही जात, साहेब,” ताई म्हणाल्या. “मशीन खोलून राहिले की आयोगात भेटू?”

संध्याकाळी मशीन सुरू झाली. महिन्याभरात पैसेही आले.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे डोळे, गुडघे आणि धारदार जीभ पुढची अनेक वर्षं शाबूत राहोत, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. त्या कंपनीच्या मशीन आमच्या गल्लीत अकरा जणींकडे होत्या. ताईंनी अर्ज कसा लिहायचा ते शिकवल्यावर दोन महिन्यांत अकराही जणींनी करार सोडला.