काट्यांसकट गुलाब

रोज सकाळी बातम्या संपल्या, की हारुनचाचा रेडिओला एक टपली मारत आणि आमच्या शेडमध्ये गुलाबांचे काटे काढायला बसत. बाबांचा फुलांचा व्यापार होता. नाशिकचे गुलाब दिल्लीपर्यंत जात.

चाचांची बहीण ब्रह्मदेशात, रंगूनला दिलेली. तिचा मुलगा झीशान तिथल्या विरोधी पक्षात होता, म्हणून लष्कराने त्याला तुरुंगात टाकलं होतं. आपलं सरकार ठणकावून बोललं तर पोरगा सुटेल, एवढीच चाचांची आशा.

"आज काय म्हणालं सरकार?" मी विचारायचे.

"परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे," चाचा वैतागत. "माझी बकरीही लक्ष ठेवते. निदान ओरडते तरी!"

दोन हजार चार साली त्याच लष्कराचा प्रमुख दिल्लीला सरकारचा पाहुणा म्हणून येणार, अशी बातमी आली. त्याच आठवड्यात दिल्लीहून गुलाबांची मोठी ऑर्डर आली, कुणा पाहुण्याच्या स्वागतासाठी. चाचांनी सगळे गुलाब काट्यांसकट खोक्यांत भरले.

"हारुनभाई, डोकं फिरलं का? लोकांचे हात रक्ताळतील!"

"सरकार लक्ष ठेवून आहे ना, शेठ. बघून घेईल."

बाबांनी खोके उघडायला लावले. दुसऱ्यांनी काटे काढले आणि गुळगुळीत गुलाब दिल्लीला गेले.

झीशान सुटला नाही. चार वर्षांनी चाचा गेले. आदल्या संध्याकाळी त्यांची नात इन्शा अंगणातला गुलाब तोडत होती. चाचा खाटेवरूनच म्हणाले, "देठ जपून धर बेटा, काटे आहेत."