दुपारचे बेदाणे

फेरेट हा प्राणी आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून आधी तेच सांगते. मुंगसाचा लांबचा भाऊ समजा. अंग लांबडं, पाय आखूड, तोंड चोराचं. माणसाच्या बाहीत शिरून मानेपाशी बाहेर येणारा.

जपानात सेंदाईला मी नव्वदच्या दशकात गेले, हे गेल्यानंतर, लेकीकडे. लेक आणि जावई दोघंही विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत. सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. नात दहा वर्षांची, तिथेच वाढलेली. मी मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची, मग माझा चेहरा बघून कंटाळत मराठीत सांगायची. फेरेट तिचा. त्या वर्षांत तिकडे तो पाळायचं खूळच आलं होतं, आणि तिने वर्षभर हट्ट करून मिळवलेला. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पिंजऱ्याशी.

दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि तो. मला भाषा येत नव्हती, शेजारीण भेटली की वाकून हसायचं, संपलं. मग बोलणार कुणाशी? त्याच्याशीच. गुलामा, ऊठ आता, असं मी त्याला म्हणायची. तो अठरा-अठरा तास झोपायचा, आणि झोप अशी की उचलला तरी मान टाकायचा. पहिल्या आठवड्यात मी तो गेला असं समजून लेकीला प्रयोगशाळेत फोन केला होता. ती म्हणाली, आई, नाकाशी बोट धरून बघ. श्वास चालू होता.

बाकीचं सगळं मी मन लावून शिकले. रबर दिसलं की तो गिळतो, आणि ते आतड्यात अडकलं की जिवावर बेततं. म्हणून नातीची खोडरबरं, केसांची रबरं मी वेचत फिरायची. उन्हाळ्यात खोली तापली तर तासाभरात हातचा जातो, तेव्हा पंखा आणि एसी त्याच्यासाठी. कपडे धुण्याच्या मशीनमागे तीन बोटांची फट असेल तरी शिरणार. थंडीत कोतात्सुच्या, म्हणजे खाली हीटर असलेल्या बुटक्या टेबलाच्या पांघरुणात जाऊन झोपायचा, तर आपण पाय घालायच्या आधी उचलून बघायचं. वास येतो म्हणून सारखी आंघोळ घालू नये, त्याने वास वाढतो. हे सगळं मी पाळलं. एक पाळलं नाही.

तो निव्वळ मांसाहारी. आतडं एवढंसं, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून वाटी कधी रिकामी राहता कामा नये, आणि त्याच्या दाण्यांखेरीज दुसरं काहीही द्यायचं नाही, हे नातीने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं. पण ते दाणे कोंबडीच्या मांसाचे. डबा उघडला की वास यायचा. मी आयुष्यात मांसाला हात लावलेला नाही, तो डबा मी ओट्यावरसुद्धा ठेवू द्यायची नाही. नात सकाळी वाटी भरून जायची, अकरापर्यंत ती रिकामी. तो वाटी पायाने ढकलत माझ्याकडे बघायचा. भुकेल्या जिवाला नाही कसं म्हणायचं? आणि डब्यात हात कसा घालायचा? मग मी बेदाणे दिले. काय आवडले त्याला! मग केळ्याचा तुकडा, मग साखर घातलेलं दूध. नात घरी यायच्या आत वाटी धुऊन ठेवायची. वर्षभराहून जास्त हे चाललं. लपवायचं म्हणून नव्हे, असं मी स्वतःला सांगायची. पण वाटी धूत होते ना.

एका दुपारी तो चालता चालता बसला. मागचे पाय लुळे, तोंडातून लाळ, आणि पुढच्या पंजांनी तोंड खाजवतोय, जसं काही आत अडकलंय. नजर कुठेच नाही. मी घाबरून बोटाने हिरड्यांना मध लावला. पाच मिनिटांत उठून बसला. मला वाटलं, अशक्तपणा आहे, गोडाची गरज आहे. दुसऱ्या दिवसापासून बेदाणे दुप्पट केले.

पुढच्या वेळी नातीसमोरच पडला. शनिवारी दोघी बसने टोपली मांडीवर घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं. नात मला सांगत होती: साखर फार उतरलीय, पोटात एक गाठ असावी, ती साखर खाऊन टाकते. मग त्यांनी विचारलं, खायला काय देता? नातीने मला विचारलंही नाही. ताठ बसून सांगितलं, फक्त दाणे. एवढं जपानी मला कळत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

गोळी लिहून दिली, आणि दर चार तासांनी कोंबडीचं वाटलेलं मांस. गोड अजिबात नाही. बेशुद्ध झाला तरच हिरडीला थेंबभर, आणि शुद्धीवर आला की लगेच मांस, नाहीतर गोडाने साखर चढते आणि पहिल्याहून खाली कोसळते. हे मी नातीच्या तोंडून ऐकलं.

दुपारचं खाणं माझ्याकडे. लेकीने प्लास्टिकचे हातमोजे आणून दिले, पण मोज्याचा वास आला की तो तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी मी मोजे काढले. बोटावर तो लगदा घेऊन भरवला. आपल्या देवांची क्षमा मागितली, आणि त्याचीही.

तरी तो उतरतच गेला. महिन्याने पुन्हा डॉक्टरांकडे. त्यांनी जुने कागद चाळले आणि परत विचारलं, याआधी गोड कधी दिलं होतं का? नात नाही म्हणायला निघाली होती.

"थांब," मी म्हटलं. "सांग त्यांना. आजी रोज दुपारी बेदाणे देत होती. केळं, साखरेचं दूध. वर्षभर."

 ती डॉक्टरांकडे वळली आणि एकेक शब्द सांगितला. काही गाळलं नाही. आवाज चढवला नाही.

डॉक्टर पेन खाली ठेवून बराच वेळ बोलले. सावकाश, मधूनमधून माझ्याकडे बघत. कठोर दिसत नव्हते. मी नातीला विचारलं, काय म्हणाले गं?

"काही नाही," ती म्हणाली.

पुढे लेकीने वाचून सांगितलं, अशी गाठ या प्राण्यात पुष्कळांना होते, कशाने ते कुणी ठाम सांगत नाही. पण गोड दिलं की दुखणं जोर धरतं, हे खरं. आई, तू दिलं नसतंस तरी कदाचित झालं असतं, असं ती म्हणाली. नातीशी ती हे बोलली का, ते मी विचारलं नाही.

तो गेला फेब्रुवारीत, बाराच्या सुमाराला, माझ्या मांडीवर, टॉवेलमध्ये. या वेळी नाकाशी बोट धरून मी खूप वेळ बसले. लेकीला फोन केला नाही. नात येईपर्यंत तसाच ठेवला, तो तिचा होता.

ती आली. दप्तर खाली ठेवलं. टॉवेल उघडून बघितलं, रडली नाही. वाटी ओट्यापाशी होती, न धुतलेली, लगदा वाळलेला. तिने ती उचलली आणि वास घेऊन बघितला.

"आज काय दिलंस?" तिने मराठीत विचारलं.

"कोंबडी," मी म्हटलं. "खाल्ली नाही त्याने."

तिने मान हलवली आणि वाटी स्वतः धुतली.