तडकणारे खडे

आमचं वावर जाम गावच्या चौरस्त्याला लागून होतं. होतं म्हणजे, वीस वर्षं बाबांचा तसा समज होता. वांगी व्हायची, सांबार म्हणजे कोथिंबीर व्हायची, हिवाळ्यात मेथी-पालक. वावराचा कागद देव्हाऱ्यामागे घडी घालून ठेवलेला असे आणि दिवाळीला माय त्याला हळदकुंकू लावायची. रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा जमीन मोजायला आलेल्या साहेबानं तो कागद वाचून दाखवला. वावर बाबांच्या चुलतभावाच्या नावावर होतं. इतकी वर्षं आम्ही त्याच्या नावाला हळदकुंकू वाहत होतो. मोबदला त्यानं उचलला आणि बायकापोरं घेऊन गाव सोडलं. जाताना बाबांना म्हणाला, "तुले वाचता येत नाई, त्यात माझा काय दोष?"

त्यानंतरची दोन वर्षं मला आठवायला आवडत नाहीत. बाबा दुसऱ्यांची भाजी डोक्यावर वाहून हिंगणघाटच्या बाजारात न्यायचे. माय निंदायला, कापूस वेचायला जायची. पूर्वी बाजारात न खपलेली किडकी वांगी आम्ही घरी खायचो. आता तीही दुसऱ्याकडून मागून आणावी लागत. देणारा वर म्हणायचा, "कीड काहाडून खाजा बाप्पा!" आणि हसायचा. रस्त्याकडेला टिनाची खोली घातली होती. ट्रक गेला की भांडी वाजायची.

एवढ्यातही बाबांनी मला शाळेतून काढलं नाही. लोक म्हणायचे, "पोट्टीले शिकवून का कलेक्टर करतं का?" बाबा म्हणायचे, "घरात एक तरी वाचणारं पाह्यजे. नाईतर उद्या घरबी दुसऱ्याचं निघन." लोकांना वाटायचं, बापाला लेकीच्या शिक्षणाची किती हौस! हौस कसली? धसका होता तो. पण त्या धसक्यावर मी मॅट्रिकपर्यंत आले, हे खरं.

मामा नागपूरला एका कारखान्यात होता. तिथे नावाच्या पाट्या आणि आत फूल दिसणारे पेपरवेट व्हायचे. एकदा तो रेझीनचा डबा घेऊन आला. मधासारखं घट्ट, नाकात झोंबणारं रेझीन. त्यासोबत एक छोटी बाटली होती, तिला तो औषध म्हणायचा. औषधाचे थेंब टाकून ढवळलं की रेझीन तापायचं आणि घटकाभरात दगडासारखं व्हायचं. मामानं मायला प्लॅस्टरचे साचे करायला शिकवलं आणि म्हणाला, "बाई, आंगठ्यायचे खडे कर. ट्रकवाले घेतात."

मायचा हात चांगला होता. पोवळ्यासाठी ती लाल रंगात चिमूटभर पांढरी पूड घालायची, नीलमसाठी नुसता निळा, पुष्कराजाला हळदीसारखा पिवळा. साचा भरला की काठाला बांगडीनं टकटक करायची म्हणजे आतले बुडबुडे वर यायचे. बुडबुडा राहिला की खडा बाद. मग ओल्या फडक्यावर दंतमंजन घेऊन एकेक खडा घासत बसायची. वासानं तिचं डोकं धरायचं, बोटांची कातडी सोलायची, पण एखादा खडा उन्हात धरून म्हणायची, "पाह्य वं, सोनाराले तरी जमते का?" वावर गेल्यानंतर मी तिला असं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

खडे पांढऱ्या धातूच्या अंगठ्यांत बसवायचे. अंगठी खालून उघडी ठेवायची, कारण ग्रहाचा खडा बोटाला लागला पाहिजे असं ड्रायव्हर मानायचे. चहाच्या हॉटेलासमोर ट्रक थांबत, तिथे बाबांनी फळी टाकली. बाबा कधी "असली" म्हणाले नाहीत. "पहनके देखो, लाभला तर लाभला," एवढंच म्हणायचे. आपले बाबा खोटं बोलत नाहीत, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगायचे.

मी अकरावीत होते तेव्हा मामानं दुसऱ्या जातीचा डबा पाठवला. बाटली वेगळी, वर सगळं इंग्रजी. मायनं डबा माझ्यासमोर ठेवला.

"वाच वं. औषध किती थेंब म्हणते?"

मी बोट फिरवून वाचल्यासारखं केलं. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. 'मला समजत नाही' एवढं म्हणायला काय हरकत होती? पण बाबा दारात उभे होते. घरात एक वाचणारं पाहिजे म्हणून ज्यांनी लोकांचं ऐकून घेतलं, त्यांच्यासमोर ते शब्द तोंडातून निघेनात.

"दुप्पट टाक म्हणते," मी म्हणाले.

मायनं दुप्पट टाकले. साचा इतका तापला की तिनं हात झटकला. "बापा, लय लवकर झाला हा!" खडे मात्र चकचकीत निघाले. ती खूश, बाबा खूश. मीही खूश.

तीन-चार आठवड्यांनी हैदराबादच्या बाजूचा एक ट्रकवाला उतरला आणि थेट मायसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या पोवळ्याला मधोमध तडा गेला होता.

"भाभी, आपका पत्थर फट गया."

मायचा चेहरा उतरला. "दादा, बदलून देतो. पैसे नाई लागत."

"बदलना? अरे, इसने मेरी मौत अपने ऊपर ले ली!" पुलाजवळ त्याच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता आणि गाडी कठड्याला टेकून थांबली होती. खाली उतरून पाहतो तो खड्याला तडा. मालकावर येणारं संकट खडा स्वतःवर घेतो, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. आता ते बोटावर दिसलं. त्यानं फळीसमोर नारळ फोडला आणि भावासाठी, मेहुण्यासाठी अंगठ्या नेल्या.

मग दुसरा आला, तिसरा आला. ट्रकवाल्याच्या आयुष्यात महिनाभरात काही ना काही होतंच. कोणाचं टायर फुटलं, कोणाचं पोरगं तापातून उठलं. तडा गेलेला खडा घेऊन यायचे आणि नवा घेऊन जायचे. जामच्या चौरस्त्यावर संकट झेलणारे खडे मिळतात, ही बातमी पाहता पाहता नागपूरला पोचली.

पहिला तडा पाहिल्यावर मायनं थेंब पुन्हा कमी केले होते. बाबांनी एका सकाळी तिला विचारलं, "थ्या वक्ती किती थेंब टाकले होते वं?"

मायला लगेच कळलं. "मी फुटके खडे करत नाई. लोकायले काय तोंड दाखवू?"

"लोकच तोंड दाखवाले येऊन राह्यले ना!"

"देवाच्या नावानं फसवणं हाय हे."

"मी कुठी देवाचं नाव घेतलं? थेच घेतात." बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिले वर्ध्याच्या कालेजात घालाचं हाय का नाई? मंग वांगे इकून घालतं का? सांग. इकाले वांगे तरी कुठं हायत?"

माय माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हणायला पाहिजे होतं की मला नाही जायचं. मला जायचं होतं. मी दप्तर आवरत बसले.

तेव्हापासून माय दुप्पट थेंब टाकायला लागली. जिच्या खड्यात एक बुडबुडा राहत नव्हता, ती मुद्दाम नासके खडे ओतू लागली. मात्र प्रत्येक घाण्यात दोन-चार खडे ती जुन्या मापानं, आपल्या रीतीनं करायची आणि गुपचूप बाकीच्यांत मिसळायची. बाबांना ते कधी कळलं नाही. मला दिसायचं. त्या खड्यांना ती दंतमंजन जास्त वेळ घासायची.

मी वर्ध्याला बी.एस्सी.ला गेले. सकाळची एस.टी., संध्याकाळची एस.टी. वर्गातल्या मुली विचारायच्या, "तुझे वडील काय करतात?" मी म्हणायचे, "धंदा." रसायनशास्त्राच्या सरांकडून मला कळलं की त्या औषधाचं प्रमाण वाढलं तर माल आतून ताणला जातो आणि पुढे उष्णतेनं तडकतो. ट्रकच्या केबिनमध्ये उष्णतेला काय तोटा! मी ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत आलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते.

दुसऱ्या वर्षाला होते. सुटीचा दिवस, दुपारची वेळ. बाबांचं जेवण घेऊन मी फळीवर गेले होते, काखेत प्रयोगवही होती. फळीमागेच आमची खोली. आत माय साचे भरत होती. एक बाई आली. कपाळ मोकळं. तिनं पदराची गाठ सोडली आणि एक अंगठी फळीवर ठेवली. लाल खडा, अखंड, चकचकीत. मी पाहताक्षणी ओळखला. तो मायच्या रीतीचा होता.

"दादा, माह्या मालकानं तुमच्यापासून नेली होती. गाडी पलटली, थे गेले." ती शांतपणे बोलत होती. रडून झालेलं होतं. "मले एवढंच इचाराचं हाय. सगळ्यायचा खडा तडकते, याचा काऊन नाई तडकला?"

बाबांनी अंगठी उचलली, उलटसुलट केली. आत बांगडीची टकटक थांबली.

"बाई, कोण्या हातात घालत होते?"

"डाव्या."

"मंग तिथंच चुकलं. पोवळं उजव्या हातात पाह्यजे."

बाई एकदम उसळली. "मी म्हणत होती! इचारून घाल म्हणत होती त्याले! आयकलं नाई मेल्यानं. कोनाचं आयकलं का कधी?" तिनं अंगठी पुन्हा पदरात बांधली, गावाचं नाव सांगून एस.टी. केव्हा आहे विचारलं आणि थांब्याकडे चालू लागली. तिथपर्यंत ती नवऱ्याला बोल लावतच गेली.

मी तिथे उभी होते. खडा का तडकला नाही हे त्या चौरस्त्यावर माझ्याइतकं कोणालाच समजत नव्हतं. प्रमाणासकट समजत होतं. मी तोंड उघडलं नाही. पुढच्याच आठवड्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. मायही बाहेर आली नाही. बाबांनी भाकरीचं फडकं सोडलं, जेवले, आणि पाणी मागितलं.

त्या दिवसापासून मायनं आपल्या रीतीचे खडे मिसळणं बंद केलं. सगळेच तडकणारे करू लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "चांगला खडा आता कोनाच्या बोटात नाई जाऊ देत. नाई तडकला त पुन्हा कोनी बाई येईन."

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी बी.एस्सी.चा शेवटचा निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात पास झाले. बाबांनी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. मायनं तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चाल."

"कुठं?"

"थ्या बाईकडं. आता तुह्यं झालं."

ती बाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मायनं बसायची वाट पाहिली नाही. "बाई, जामच्या फळीवरचा थो खडा देवाचा नोय. डब्यातून ओतलेला हाय, म्या ओतला. तडकणारे आम्ही मुद्दाम तडकणारे करत होतो. तुमचा चांगला झाला म्हणून तडकला नाई. हात डावा-उजवा काई नोय. तुमच्या मालकाची काई चूक नोती."

बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आता सांगून राह्यली?" ती म्हणाली. "मी त्याच्या फोटोपुढं दिवा नाई लावला. माह्यं नाई आयकलं म्हणून मेला, म्हणून राग धरून बसली मी." मग माझ्याकडे पाहिलं. "हे कोन? त्या दिवशी फळीपाशी उभी होती हे."

"पोरगी माही. बी.एस्सी. झाली." एवढ्या वेळातही मायच्या आवाजात तो शब्द ताठ उभा राहिला.

"म्हणजे हिले त्या दिवशीच माईत होतं."

"हो," मी म्हणाले.

बाई उठली, आतून गडवाभर पाणी आणलं. "पाणी प्या अन् जा," ती म्हणाली. आम्ही पाणी प्यायलो आणि निघालो.

थांब्यावर सावली नव्हती. एवढी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते मी मायला तिथे सांगितलं. त्या डब्यावर काय लिहिलं होतं ते मला समजलंच नव्हतं. दुप्पट हा आकडा मी मनानं सांगितला होता.

"मले माईत हाय," माय म्हणाली. "तुह्यं बोट फिरत होतं, डोये एकाच जागी होते."

"मग टाकले काऊन?"

"तुह्या बापासमोर तुले खोटी पाडू का?"

एस.टी. आली. घरी पोचल्यावर मायनं सगळे साचे बाहेर आणून दगडानं फोडले. बाबा खूप बोलले. माझ्या शिक्षणाला कोणी पोसलं, ते मला बोट दाखवून सांगितलं. खरं तेच सांगत होते. पुढे कितीतरी दिवस ट्रकवाले फळीशी थांबायचे, तडकलेली अंगठी दाखवायचे आणि माय त्यांना म्हणायची, "बंद केलं." का, हे एकानंही ऐकून घेतलं नाही. त्यांनी अंगठी दुसरीकडून आणली.

मला शाळेत नोकरी लागली. शास्त्र शिकवते. पोरांना पहिल्याच दिवशी सांगते, समजलं नाही तर समजलं नाही म्हणा. वावर परत मिळालं नाही. चुलतकाका पुन्हा कधी दिसले नाहीत.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी वर्ध्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. त्याचा कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, समजेपर्यंत वाचला आणि बाबांना वाचून दाखवला. घर मायच्या नावावर आहे.