दोघींची मिश्री

आमच्या सासूबाई प्रत्येक घासावर पाणी प्यायला लागल्या, तेव्हाच मला शंका आली. खाडीकाठच्या काल्हेरातली बाई ती, सुक्या बोंबलाच्या कालवणाशी दोन भाकऱ्या हां हां म्हणता संपवणारी. "घास अडकतो का हो, आई?" मी विचारलं. "न्हाय गो. पानी बरा लागते." पुढं भाकरी सुटली, मग भात, मग पेजसुद्धा उलटून यायला लागली.

मी जात्याच भित्री. लग्न होऊन आले तेव्हा शेतांच्या जागी गोदामं उठत होती. मागं येणाऱ्या ट्रकच्या आवाजानंही मी दचकायचे. आई हसायच्या. "घाबरल्यानं भात शिजत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तंबाखू भाजून मिश्री लावायला त्यांनीच मला शिकवलं, आधी दाढ दुखली म्हणून, मग सवयीनं. सकाळी ओट्यावर बसून दोघी हिरड्यांवर बोट फिरवायचो आणि गावभरच्या चुगल्या करायचो. सासू-सुनेला तेवढाच निवांतपणा.

ठाण्याच्या इस्पितळात दुर्बीण घातली. अन्ननलिकेत कॅन्सर निघाला. डॉक्टरबाईंनी तोंडही तपासलं आणि गालातल्या जखमेचा तुकडा काढून पाठवला. तोही कॅन्सरच. "पसरला! आता काय राहिलं?" म्हणत आमचे हे बाकावर मटकन बसले. आईंना काही सांगायचं नाही, गुपचूप घरी न्यायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

डॉक्टरबाई चिडल्या. "पसरलेला नाही हो! दोन वेगळे आहेत, दोन्ही आपापले सुरू झालेत. तंबाखूचा रस जिथून जातो तो सगळा रस्ताच खराब करतो. गालातला लहान आहे, तो काढू. मग अन्ननलिकेला किरणांचा शेक आणि केमो. कठीण आहे, पण प्रयत्न न करता घरी नेऊ नका. आणि त्यांना मी सांगणार."

सांगितलं त्यांनी. ऐकता ऐकता आईंनी एकदम माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"आदी हिचा तोंड बघा," त्या म्हणाल्या.

"अहो आई, मला काही झालं नाहीये!"

"मना पन काय झाला नव्हता." मग डॉक्टरबाईंकडे वळून, "हिला मिश्री मीच लावली, बाय. हिचा बघत न्हाय तवर मी कागदावर अंगठा देनार न्हाय."

मी बसले खुर्चीत. टॉर्चचा उजेड तोंडात पडला आणि डॉक्टरबाईंनी गाल बोटानं ताणून धरला. डाव्या गालात पांढरा चट्टा होता. तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत मी कितीदा मेले, देवाला ठाऊक. कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर होता. चट्टा काढला. मिश्री त्या दिवसापासून बंद.

आईंचं ऑपरेशन झालं, शेक सुरू झाला. जाता-येता कशेळीला ट्रकांमध्ये रिक्षा अडकायची. आई वाटीत थुंकत बसायच्या, कारण स्वतःची लाळही गिळवत नव्हती. मध्ये दोन-तीन महिने बरे गेले, पेज पोटात राहू लागली. मग अन्ननलिकेतला कॅन्सर पुन्हा उसळला.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, तोंड उघडायला लावलं. मोबाईलचा उजेड मीच धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्या गालावर हात ठेवून पुटपुटल्या, "साफ हाय."

तेव्हा त्यांना दिसत तरी होतं का, मला माहीत नाही.