दुपारी दमणारं मशीन

आमच्या अंगणात पूर्वी म्हशी बांधायचो, तिथं आता मिनी पोकलेन उभं असतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रस्त्याच्या कामावर माती उपसणारं मोठं पोकलेन असतं ना, त्याचंच हे धाकटं भावंड. खाली रबरी पट्टे, वर एका माणसाची बैठक, बैठकीपाशी चालवायचे दोन दांडे, पुढं लांब हात आणि हाताला दातेरी बकेट. बेळगावच्या अनगोळ भागातल्या ज्या बोळात मोठं मशीन तोंडसुद्धा घालू शकत नाही, तिथं हे आत शिरतं, घराच्या पायाचे चर खणतं आणि कुणाच्या भिंतीला न घासता उलट्या पावली बाहेर येतं.

उलट्या पावली ते आपोआप येत नाही म्हणा. आणणारी असते माझी धाकटी सून.

ती खानापूरकडची. माहेरी बापाचा ट्रॅक्टर चालवायची. आमच्या घरात हे मशीन आलं तेव्हा ड्रायव्हर मिळेना, मिळाला तर टिकेना. एक दिवस हिनं साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवला आणि जाऊन बसली. नवरा, म्हणजे माझा धाकटा मुलगा, बेळगावात नोकरीला. त्याला या लोखंडात रस नाही. मशीन दोघा भावांचं. थोरला कामं आणतो आणि निघालेली माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाहून नेतो. आणि मी? घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा डबा घेऊन यांच्याबरोबर साइटवर जाते. तिथं निदान उत्तर देणारी माणसं असतात.

तर दिवाळीनंतर या मशीनला दुपारी दमायची सवय लागली. सकाळी बैलासारखं ओढायचं. उन्हं वर आली की हळूहळू हात जड व्हायचा. बकेट मातीत रुतली की वर येता येता थांबायची आणि मागून बारीक, कण्हल्यासारखा आवाज यायचा. इंजिन धडधडतंय, पण अंगात बळ नाही. सुनेनं मला एकदा समजावलं होतं, या मशीनचं सगळं बळ तेलात असतं. टाकीतलं तेल पंप ओढून घेतो, जाड नळ्यांतून दाबानं हाताकडं पाठवतो, आणि काम झालं की तेल फिरून टाकीत येतं. आपलं रक्त फिरतं तसंच म्हणा.

तेल बदलून झालं. फिल्टर बदलून झाला. नळ्या हातानं चाचपून झाल्या, कुठं थेंब गळत नव्हता. मग मेकॅनिक बोलावला. कन्नड माणूस, बोलायला गोड. त्यानं आधी टाकीचं झाकण काढून तेल बघितलं, झाकण लावलं, दाबाचं मीटर जोडलं, आणि मशीन त्याच्यासमोर असं पळायला लागलं की आम्हीच खोटे पडलो. रात्रभर रडणारं पोर दवाखान्याच्या पायरीवर खेळायला लागतं, त्यातली गत. शेवटी तो म्हणाला, "पंप होयतु अक्का. म्हणजे पंप गेला समजा. बदलून टाका."

पंपाचं नाव निघालं आणि रात्रीच्या जेवणात थोरल्यानं विषय काढला.

"पंप असाच जात न्हाय, आई. दोन्ही दांडं एकदम वडलं की जातोय. मशीनला चालवणाऱ्याचा हात लागतोय."

"कुणाचा हात म्हणतोस?"

"मी कुणाचं नाव घेतलंय काय?"

सून चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं तव्यातली भाकरी उलटली आणि तिथनंच म्हणाली, "भाऊजी, दोन दांडं एकदम वडल्याबिगर बकेट भरतच न्हाय. बसून बघा की एकदा."

"मी कशाला बसू? निपाणीचा एक ड्रायव्हर बोलून ठेवलाय. अमावास्या झाली की येतोय. नवा पंप घालायचाच हाय, तर त्यावर पक्का माणूस बसू दे."

झालं. भांडी घासताना सून मला म्हणाली, "आत्या, घरात कामं काय थोडी हायत व्हय? पण त्या खुर्चीवर बसलं की मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते. चर सरळ आला तर आला, वाकडा आला तर माझा आला." मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासत बसले.

अमावास्या तोंडावर आली तेव्हा आमचं काम सांबऱ्याला चाललं होतं. एका नव्या घराला पाण्याची पाईप टाकायची होती. थोरला ट्रॉली घेऊन माती टाकायला गेलेला. दुपार झाली, मशीन कण्हायला लागलं. सुनेनं ते बंद केलं, तेल बघायला टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून आवाज आला.

"हवा आत गेली की बाहेर आली गं?" मी सावलीतनं विचारलं. असले प्रश्न मला उगीचच पडतात.

"काय की. झाकण काढलं की रोज असंच करतंय." तिनं तेल बघितलं, झाकण लावलं, मशीन चालू केलं आणि बकेट मातीत घातली. एका दमात माती वर.

"आता कसं पळतंय गं ते?"

"जरा इसावा मिळाला की पळतंय."

"इसावा काय मिळाला? चूळ भरायला लागतो तेवढा बी न्हाय. झाकण तेवढं काढलंस तू."

तिनं हात दांड्यावरच ठेवून माझ्याकडं बघितलं. मला आठवला आमचा गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा. त्याला एकच भोक पाडलं की तेल गुडुगुडु करतं, मध्येच थांबतं, धार धरत नाही. दुसऱ्या कोपऱ्यात हवेला भोक पाडलं की सरळ ओतलं जातं. मी हे डब्याचं पुराण लांबवणार, तोवर ती खाली उडी मारून आली होती.

"आत्या! पंप वडतोय, पण टाकीत हवाच शिरत न्हाय. मग तेल कुठनं सुटंल?"

तिनं झाकण काढून उलटं केलं. झाकणाच्या पोटात एक छोटी जाळी असते. टाकीतलं तेल कमीजास्त झालं की हवा तिथून आतबाहेर करते. थोडक्यात, टाकीचं नाक. ते नाक पिवळ्या चिखलानं गच्च बसलं होतं. वाळून पापडासारखं झालेलं. तिनं केसातला आकडा काढून खरवडलं, वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरलं.

हळद. हळद कसली, भंडाराच.

आता हे सांगायला हवं. मशीन घेताना थोरला सौंदत्तीच्या देवीला नवस बोलला होता. म्हणून दर अमावास्येला तो स्वतः मशीन धुतो, पट्ट्याखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो आणि सौंदत्तीहून आणलेला भंडारा लावतो. आमच्याकडं दुचाकीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांचीच अमावास्या होते. पण गाडीला कपाळ असतं, याला ते कुठून आणायचं? थोरल्यानं टाकीचं झाकण निवडलं. गोल, उंच, देवाच्या टाकासारखं चकचकीत. दर महिन्याला मूठभर भंडारा, वर नारळाचं पाणी, आणि ते सगळं हवेच्या फटीतून आत जाळीत. मनापासून करतो हो तो. डोळे मिटून करतो.

आम्ही दोघी आधी खूप हसलो. मग हसू आपोआप बसलं.

"झाकण उघडं ठेवून बघूया," ती म्हणाली. धूळ आत जाऊ नये म्हणून मी डब्याचं धुतलेलं फडकं काढून दिलं, तिनं ते टाकीच्या तोंडावर सैलसर बांधलं. संध्याकाळपर्यंत मशीन दमलं नाही. कण्हलं नाही. पंप बिचारा धडधाकट होता. रात्रभर झिरपून टाकीत शिरलेल्या हवेवर मशीन सकाळी चालायचं, ती सरली की दुपारी दमायचं.

लांबून ट्रॉली येताना दिसली तशी मी उठले. "थांब, सांगतेच त्याला. म्हणे चालवणाऱ्याचा हात!"

तिनं माझा पदर धरला. "आत्या, आत्ता नको. ट्रॉलीवर गडी हायत. चार माणसांत काय म्हणायचं, तुमच्या पूजेनं मशीन बसलं?"

"आणि तुझ्यावर तो आळ घेतोय, त्याचं काय?"

"घेऊ दे. नवस हाय त्यांचा. जिवाला लागंल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि नुसतं साफ करून भागत न्हाय. अमावास्येला परत भंडारा पडणार. लावू नका म्हणायला माझी जीभ रेटत न्हाय. तुमची रेटंल?"

माझीही रेटली नसती. तिला मी तसं सांगितलं नाही, पण पुन्हा खाली बसले.

दुसऱ्या दिवशी साइटला सुट्टी होती. ती मला घेऊन बेळगावला गेली. खडेबाजारात आधी माझ्यासाठी चपला घेतल्या, म्हणजे घरी सांगायला कारण झालं. मग लोखंडाचे भाग कातून देणाऱ्या एका लेथवाल्याकडं गेलो. त्याला तिनं जमिनीवर खडूनं चित्र काढून दाखवलं. टाकीच्या माथ्यावर एक बूच आहे. ते काढून तिथं वाकडा सांधा बसवायचा, त्याला तेलाला टिकणारी रबरी नळी जोडायची, नळी बैठकीमागच्या खांबावरून छताखाली न्यायची आणि तिथं तोंड खाली करून नवी हवेची जाळी लावायची. आणि जुन्या झाकणाच्या जागी बंद झाकण, अजिबात भोक नको.

लेथवाला पान चघळत ऐकत होता. "वैनी, कंपनीनं दिलंय ते काय वाईट हाय? वरनं ही सोंड कशाला?"

"कंपनीला आमची अमावास्या ठावं न्हाय," ती म्हणाली.

तो एवढा हसला की पान सांभाळता सांभाळता त्याची पुरेवाट झाली. पण सांधा त्यानं नीट करून दिला, आणि नळीला मुरड पडू देऊ नका, उन्हात मऊ होती, हेही आपणहून सांगितलं. घरी येऊन तिनं ते बसवलं तेव्हा मी नळी धरून उभी होते.

अमावास्येच्या सकाळी थोरला अंघोळ करून, मशीन धुऊन, नारळ फोडून, भंडाऱ्याची मूठ घेऊन टाकीपाशी गेला आणि हात वरच राहिला.

"हे झाकण कुणी बदललं?"

सून घरातून जुनं झाकण घेऊन आली. पदराच्या टोकानं पुसल्यासारखं केलं, पण मुद्दाम साफ केलं नव्हतं. त्याच्या हातात उलटं ठेवलं. अंगणात आम्ही तिघंच होतो.

"भाऊजी, ह्यातनं टाकी श्वास घेत होती."

त्यानं नखानं उकरलं. नाकाशी नेलं. मग म्हणाला, "म्हंजे पंप..."

"पंपाला काय झालं न्हाय. आता नाक वर काढलंय, छताखाली. ह्या जागेला तुमी कितीबी भंडारा लावा, नुसतं झाकण हाय."

"तुला कधी कळलं?"

"झालं की थोडं दिवस."

"आणि बोलली न्हाईस?"

"तुमी डोळं मिटून लावता, भाऊजी. मी बघितलंय."

त्यानं मान वळवली. भंडारा लावला, पण हात आखडून, चिमटीनंच. उरलेला पुडीत परत बांधला. मला राहवलं नाही, मी विचारलंच, "आणि त्या ड्रायव्हरचं काय?"

"शब्द दिलाय, आई. त्यानं दुसरं काम सोडलंय. उद्या येतोय."

आमच्याकडं शब्द दिला म्हणजे दिला. सून पूजेचं ताट उचलून आत गेली. त्या दिवशी ती जेवली की नाही मला आठवत नाही, मी मात्र जेवले नाही.

सकाळी तो ड्रायव्हर आला. डोक्याला रुमाल, हातात डबा, चांगला तगडा गडी. साइटवर पोचल्यावर सरळ मशीनकडं निघाला. थोरल्यानं त्याला खांद्याला धरून वळवलं आणि ट्रॅक्टरची किल्ली हातात दिली.

"तू ट्रॉली वढ."

"आण्णा, मशीनवर बसायचं म्हणालता की!"

"काम देतो म्हणालतो. मशीनला माणूस हाय."

सून चढून बसली होतीच. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे, इंजिन तेवढं चालू झालं. आता ट्रॅक्टरची जागा गेलेला थोरला चराच्या काठावर काठी घेऊन खोली मोजत उभा राहिला. मला तो दिवसभर तसा उभा बघून कसंतरीच वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

ऊन चढलं तसा ड्रायव्हर घामाघूम होऊन त्याच्याकडं आला.

"आण्णा, वैनीस्नी जरा हळू घ्या म्हणा की. मी माती टाकून यायच्या आत दुसरा ढीग तयार असतोय. भाकर खायला बी सवड न्हाय."

"मला कशाला सांगतोस?" थोरला इंजिनच्या वरताण ओरडला. "वर बसलीया, तिला सांग जा!"

ड्रायव्हरनं वर बघितलं. सुनेनं भरलेली बकेट ट्रॉलीवर आणून धरली होती आणि ट्रॉली कधी पुढं घेतोस म्हणून ती त्याच्याकडंच बघत होती. तो ट्रॅक्टरवर चढला.